उरलेले सेहेचाळीस दिवस

रविवार, ४ फेब्रुवारी

बोलले की घरात भांडण होतं, म्हणून आजपासून लिहिणार आहे. एकतीस वर्षं ऑफिसात दुसऱ्यांच्या अर्जांवर शेरे मारले. आता निवृत्त झाल्यावर माझं ऐकायला ही एक वही.

उद्या सूनबाई कामावर रुजू होणार. मुंगी उद्या सेहेचाळीस दिवसांची होईल. मुंगी म्हणजे माझी नात. तिचे आईबाप रोज एक नाव काढतात आणि रोज एक खोडतात. जन्मल्यापासून मुठी चालवत सारखी कुठेतरी निघालेली असते, म्हणून तोवर मुंगी.

कायम नोकरीतल्यांना सव्वीस आठवडे, पण सूनबाई कंत्राटावर, म्हणून तिच्या कागदावर रजा बारा आठवड्यांची, म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस. पण तिच्या सुपरवायझर बाईने, "पोट टेबलाला अडतंय, वेग कमी झालाय," असं म्हणून तिला तारखेच्या चार आठवडे आधीच घरी पाठवलं. वर आमची मुंगी दहा दिवस उशिरा आली. ते अडतीस दिवस सूनबाई खिडकीत बसून होती आणि ते सगळेच्या सगळे बाळंतपणाच्या रजेत धरले. आधी पाठवा म्हणून तिने अर्ज केला होता का? पोराला वेळेवर ये म्हणून नोटीस द्यायची होती का?

खरं सांगायचं तर मला सूनबाईचाही राग येतोय. मी म्हटलं, सोड ती नोकरी. ती म्हणाली, "आई, तुमच्या मुलाचा हात बरा होईपर्यंत मला सोडता येणार नाही." चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात. गेल्या वर्षी दोन बोटं दोरात सापडली, तेव्हापासून अर्धंच काम मिळतंय. तिचं बोलणं खरं आहे, म्हणून तर आणखी राग येतो.

सोमवार, ५ फेब्रुवारी

सकाळी पावणेसातला गेली. दारात तीनदा मागे फिरली. पहिल्यांदा डबा विसरला म्हणून, दुसऱ्यांदा ओळखपत्र म्हणून. तिसऱ्यांदा कशासाठी ते तिलाही सांगता आलं नाही.

मुंगीने बाटली तोंडात धरली नाही. अकरापर्यंत आकांत. मग दमून थोडं प्यायली. मीही दमले. पासष्टाव्या वर्षी पुन्हा हे सगळं.

संध्याकाळी साडेपाचला सूनबाई आली ती चपला न काढता आत. कुर्ता पुढून ओला, वर ओढणी. तिच्या कंपनीत इंजेक्शनच्या छोट्या बाटल्या होतात. एकेक बाटली उजेडासमोर धरून आत केसाएवढा कण तर नाही ना, ते बघायचं हे तिचं काम. आत जायचं तर पायापासून डोक्यापर्यंत झगा, टोपी, मास्क, हातमोजे. बाहेर यायचं तर सगळं काढायचं, परत जाताना नवं घालायचं. वीस मिनिटं त्यातच जातात. चहाची सुट्टी दहा मिनिटांची.

"मग दूध कुठे काढलंस?"

"जेवणाच्या सुट्टीत. संडासात. कमोडचं झाकण खाली करून त्यावर बसून. आणि ते तिथेच ओतून दिलं. असल्या जागेचं मुंगीला कसं देऊ?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

मुंगी आता बाटली घेते. दूध पावडरच्या डब्यावर लिहिलंय, तीस मिली पाण्याला एक चमचा, म्हणजे एकशेवीसला चार. चार म्हणजे खीरच की! एवढं घट्ट इवल्याशा पोटाला झेपणार आहे? मी दोनच घालते. आमच्या सासूबाईही चिरंजीवांना असंच पातळ करून द्यायच्या. तेव्हा मी दोन महिन्यांत रुजू झाले होते. मी काही रडत बसले नव्हते. डबे विकणाऱ्या कंपनीला काय, डबा लवकर संपला की तिचं भलं. चिरंजीव पहिल्या वर्षी अगदी काडी होते, सारखे आजारी, पण वाढले ना शेवटी.

सूनबाईला सांगितलं नाही. तिला आधीच शंभर व्याप.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज तिच्या झग्यावर डाग पडला. दहा वाजता काम करता करता दूध वाहिलं, आतले कपडे भिजून झग्यापर्यंत आलं. त्या सुपरवायझर बाईने (सूनबाई तिला घड्याळबाई म्हणते) सगळी लाइन थांबवली आणि नोंदवहीत लिहिलं, "निर्जंतुक क्षेत्रात कर्मचाऱ्याच्या शरीरातून बाह्य द्रव." खाली सूनबाईची सही घेतली.

बाह्य द्रव! पोराच्या तोंडचं दूध, आणि म्हणे बाह्य द्रव.

"तू सही का केलीस?"

"नाही केली तर लाइन सुरू होत नव्हती, आई. चौदा बायका माझ्याकडे बघत होत्या."

चिरंजीव म्हणाले, "आतून जाड कापड ठेव ना." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून बाल्कनीत गेले.

सोमवार, १९ फेब्रुवारी

मुंगी आता फार शहाणी झालीय. रडत नाही. दूध प्यायली की झोपते, उठवावं लागतं. मुठींची ती चळवळही थांबली. शेजारीण म्हणाली, "आजीच्या हाताला गुण आहे." मला बरं वाटलं. पातळ दुधाचा हा फायदा.

सूनबाईचं दूध कमी झालंय. रात्री मुंगी ओढते आणि चिडून तोंड फिरवते. दिवसभर बाळ नाही, वेळेवर काढणं नाही, मग शरीर तरी कोणासाठी तयार करेल? ती भिंतीकडे तोंड करून बसते.

शनिवार, २४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंकडे वजन केलं. तीन आठवड्यांत पन्नास ग्रॅम. निदान अर्धा किलो वाढायला हवं होतं म्हणाल्या. काट्यावरून मुंगीला दोनदा उचलून पुन्हा ठेवलं.

मग विचारलं, "वरचं दूध कसं बनवता?"

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "डब्यावर लिहिलंय तसं."

का म्हटलं असं? तोंडातून निघून गेलं. सगळ्यांसमोर पाणी घातलेलं दूध देते असं कसं सांगायचं? आणि दोन चमचे कमी-जास्त झाले म्हणून एवढं काय होणार आहे? बाईंनी सूनबाईला शंभर प्रश्न विचारले. खाणं, पाणी, औषधं, घराण्यात कोणाला काही आजार? मग मुंगीच्या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या, लांबलचक यादी.

घरी आल्यापासून मी तीन चमचे घालतेय.

रविवार, २५ फेब्रुवारी

चिरंजीव जेवताना म्हणाले, "दूध कसदार नसेल तुझं. डब्यावर ती वाढत नाही आणि तुझ्यावरही नाही, म्हणजे काहीतरी असणारच."

सूनबाईचा घास हातात तसाच राहिला. ताट सारून उठली. मोरीत नळ सोडला. नळाच्या आवाजाआड काय चाललंय ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

मी चिरंजीवांना झापलं. "पुरुषाने या बाबतीत तोंड उघडू नये." बरंच काही बोलले. दूध चांगलंच असतं, आईचं कधी वाईट नसतं, वगैरे. एवढं सगळं बोलले, पण एक वाक्य बोलले नाही.

बुधवार, २८ फेब्रुवारी

सूनबाई कामावरून आली ती थंडीने कुडकुडत. ताप एकशे तीन. डावी बाजू दगडासारखी, लालभडक, हात लावू देत नाही. दूध आत साठून गाठ झाली. सकाळीच दुखत होतं. घड्याळबाईला म्हणाली, दहा मिनिटं द्या. ती म्हणाली, "या महिन्यात तुझ्यासाठी लाइन एकदा थांबवलीय."

गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं. मुंगीला लावलं तर ती ओढेचना, झोपलेलीच. गालाला टिचकी मारली, तळपायाला गुदगुल्या केल्या. डोळे उघडून तिने बघितलं आणि मिटले.

त्या घड्याळबाईला समोर आणा कोणीतरी. मी काय करेन ते मला माहीत नाही.

शनिवार, २ मार्च

हे लिहायलाच हवं.

रक्त तपासायला मोठ्या दवाखान्यात गेलो. मुंगीचं वजन आणखी घटलं होतं. सूनबाई तापातच आली होती, रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून. नर्सला शीर सापडेना. एक हात झाला, दुसरा झाला, मग पाय. मुंगी आधी रडली आणि मग रडायचीही थांबली, नुसती तोंड वासून बघत राहिली. नर्स म्हणाली, "बाळ फार सुकलंय, डोक्यातली शीर बघावी लागेल." तिने वस्तरा काढला. मुंगीच्या कानावरच्या जावळाला लावला.

मी म्हटलं, "दोन."

कोणाला कळलं नाही.

"दोन चमचे. चार नाही. मी दोनच घालत होते. आठवडाभर झाला, तीन घालते. आधी दोन."

आमच्या डॉक्टरीणबाई या दवाखान्यातही बसतात, त्या तिथेच फोनवर होत्या. फोन खाली ठेवला. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "किती दिवस?" मी तारीख सांगितली. तारीख मला पाठ होती. मग त्यांनी शांतपणे समजावलं, कॉलेजच्या पोरीला समजावतात तसं. पोट भरतं पाण्याने, अंगी काही लागत नाही. रक्तातलं मीठ उतरतं. बाळ गप्प होतं ते शहाणं होतं म्हणून नाही, ताकद नसते म्हणून. आणखी काही दिवस गेले असते तर झटके आले असते.

रक्त काढावंच लागलं. पण यादीतल्या बाकीच्या तपासण्या खोडल्या. मुंगीला ठेवून घेतलं. सूनबाईलाही. तिच्या गाठीत पू झालाय, उद्या कापणार. आईची खाट आणि लेकीची खाट शेजारी शेजारी.

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं नाही. चिरंजीवांनी दारातच विचारलं, "आणि मला? मलाही असंच दिलं होतं?"

"तुला तुझ्या आजीने दिलं होतं. मी ऑफिसात होते."

ते जिन्यात जाऊन बसले.

मंगळवार, ५ मार्च

मुंगी सुधारतेय. काल नर्सचं बोट धरून सोडेना. रक्त ठीक आलं. सूनबाईच्या डाव्या बाजूला चीर देऊन पू काढला, आत कापडाची वात ठेवलीय, रोज बदलतात. वात बदलताना सूनबाई माझा हात धरत नाही, खाटेची कड धरते.

आज मी म्हटलं, "मला बोल. शिव्या दे. पण बोल."

ती म्हणाली, "आई, मला तुमचा राग येतोय. इतका, की समोर बघवत नाही. पण मी तुमच्यावर रागावले तर तुम्ही धाकट्या मुलाकडे निघून जाल. आणि तुम्ही गेलात तर परवा मुंगीला कोण घेईल? मला धड रागवायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही."

मी म्हटलं, "मी कुठेही जाणार नाही. तू रागाव."

"आता नको. आता ताकद नाही."

गुरुवार, ७ मार्च

दोघी घरी आल्या. भिंतीवर सूनबाईच्या अक्षरात कागद चिकटवलाय, "१२० = ४". मी बाटली बनवते तेव्हा ती शेजारी उभी राहून मोजते. मोजू दे.

सूनबाईने दवाखान्यातूनच महिनाभराच्या रजावाढीचा अर्ज केला होता, डॉक्टरीणबाईंच्या पत्रासकट. आज उत्तर आलं. "प्रसूती रजा पूर्णतः उपभोगलेली असल्याने रजावाढ नियमात बसत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. शस्त्रक्रियेनिमित्त सात दिवसांची वैद्यकीय रजा मंजूर."

उपभोगलेली! सूनबाईने वाचून कागद पलंगावर टाकला. मी उचलला आणि पुन्हा पुन्हा वाचला. कारण ती भाषा माझी आहे. 'सबब', 'निकाली', 'नियमात बसत नाही'. आस्थापना विभागात एकतीस वर्षं मीच लिहीत होते, आणि माझ्या मसुद्यात खाडाखोड नसते म्हणून साहेब कौतुक करायचे.

आमच्या ऑफिसात एक टेलिफोन ऑपरेटर होती. रजावाढीचा अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली होती, फाइल छातीशी घट्ट धरून. मी म्हटलं, फाइल ठेव ना खाली. तिने ठेवली नाही. मला तो उद्धटपणा वाटला. "नियमात बसत नाही" असं लिहून अर्ज परत केला आणि वर सुनावलं, मीही दोन महिन्यांत आले होते. ती रोज तशीच फाइल धरून जिने चढायची-उतरायची. मुली हसायच्या, मीही हसले असेन.

ती फाइल छातीशी का धरून होती ते आज कळलं. वीस वर्षांनी.

तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. तिच्या बाळाचंही नाही. मी कधी विचारलं नाही. रागाने आज जेवण गेलं नाही, आणि हा राग नेमका कोणावर आहे ते शोधत बसले तर यादी फार लांब होईल, आणि पहिलं नाव माझंच येईल.

सोमवार, ११ मार्च

सूनबाईबरोबरच्या दोन बायका भेटायला आल्या. एक पॅकिंगमध्ये आहे, सातवा महिना चालू. दुसरी काचेच्या बाटल्या धुते, वयाने मोठी. धुणारी म्हणाली, "माझी दोन्ही पोरं पिठाच्या पाण्यावर वाढली. थोरलीचे दात बघा." पॅकिंगवाली एकदम रडायला लागली. तिला आत्ताच म्हणालेत, पोट अडतंय, पंधरा दिवसांत घरी बस.

मी कागद घेतला आणि अर्ज लिहायला घेतला. हे काम माझं. "वरील परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती" इथपर्यंत आले आणि सूनबाईने पेन काढून घेतलं.

"सहानुभूती नको आणि नम्रही नको."

"अगं, अर्जाची पद्धत असते."

"त्याच पद्धतीने निकाली निघाला ना मागचा?"

तिने स्वतः लिहिला. चार वाक्यं. बाळ जन्मल्यापासून रजा मोजा. दूध काढायला कडी लावता येईल अशी खोली आणि दूध ठेवायला फ्रिज द्या. दिवसातून दोनदा वेळ द्या, झगा बदलायचा वेळ सोडून. परत येणाऱ्या बाईला पहिले तीन महिने लाइनवर बसवू नका. खाली तिची सही. मग धुणारीची, मग पॅकिंगवालीची. लाइनवरच्या चौदाही जणींनी उद्या करायच्या आहेत.

मला म्हणाली, "शुद्धलेखन तेवढं तपासा." मी तपासलं. एकही चूक नव्हती.

शुक्रवार, १५ मार्च

भेट मिळाली. चौदापैकी नऊ सह्या झाल्या. पाच जणींचे नवरे नको म्हणाले. गेलो आम्ही चौघी, आणि मांडीवर मुंगी.

कर्मचारी विभागाचा साहेब तरुण आहे. टाय इतका घट्ट, की मानेची शीर दिसत होती. चहा मागवला. गोड बोलला. "रजेचा नियम वरून येतो, माझ्या हातात काही नाही. खोलीचं बघू. पण एक सांगतो, तुमच्यासारख्यांचं मला नवल वाटतं. बाहेर बायकांना पाळणाघरं शोधावी लागतात. तुमच्याकडे घरी आजी आहेत. आजीसारखं बाळाला कोण सांभाळणार? मग अडचण नेमकी काय आहे?"

आणि माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मी पाघळेन.

सूनबाई बोलायला लागली होती. मी म्हटलं, थांब.

"साहेब, मीच ती आजी. हिला मी तीन आठवडे अर्धपोटी ठेवलं. मुद्दाम नाही. मला वाटलं मला सगळं येतं. हिची आई सात वाजता जायची ती साडेपाचला यायची, बघायला कोणीच नव्हतं. पोर गप्प झाली आणि मी शेजारणीकडून कौतुक करून घेतलं. डॉक्टरांनी विचारलं तर खोटं बोलले. हिच्या डोक्याला वस्तरा लावला तेव्हा तोंड उघडलं. ही बघा." मी मुंगीचं टोपडं काढलं. कानावर जावळ काढलेली जागा अजून तशीच आहे. "आजी म्हणजे आईचं दूध नाही, साहेब. नियम करताना आजीच्या भरवशावर करू नका. आजीसुद्धा कधीतरी दोन महिन्यांत रुजू झालेली असते. तिला कोणी शिकवलंय?"

धुणारीने नाक पुसलं. साहेब टेबलावरचे कागद सारखे करत होता. म्हणाला, "तुमच्या भावना मी वर कळवतो."

सूनबाई म्हणाली, "भावना नको. वाक्यं कळवा. चारच आहेत."

रिक्षात मी बाहेर बघत बसले होते. लोकांपुढे हे सगळं बोलले याची लाज अंगभर होती. सूनबाईने मुंगी माझ्या मांडीवरून स्वतःकडे घेतली आणि तिची जड पिशवी माझ्याकडे दिली. जरा वेळाने म्हणाली, "त्या दिवशी नर्ससमोर बोललात, ते आधी बोलायला हवं होतं."

"हो."

"आज बोललात ते बरं केलंत."

मंगळवार, २६ मार्च

वैद्यकीय रजा संपून सूनबाई केव्हाच कामावर गेली. आज सूचना फलकावर परिपत्रक लागलं, तिने फोटो काढून आणला. "व्यवस्थापनाच्या मातृस्नेही धोरणानुसार" स्टेशनरीच्या जुन्या खोलीत दूध काढायची सोय, एक फ्रिज, रोज पंधरा पंधरा मिनिटांच्या दोन सुट्ट्या. झगा बदलायचा वेळ त्यातच. रजा तेवढीच. मोजायची पद्धत तीच. लाइनवरून हलवायचं तर नावच नाही.

पॅकिंगवालीला काल घरी पाठवलं. पोट अडतंय. तिचे दिवस सुरू झाले मोजायला.

मुंगी आता साडेचार किलोच्या वर आहे. उजव्या बाजूला नीट पिते. डावी बाजू बरी झाली, पण तिथे दूध नावालाच उरलंय. बाकी डबा. चार चमचे, सपाट. मातृस्नेही! हा शब्द कोणी काढला त्याला एकदा त्या संडासात झाकणावर बसवायला हवं.

गुरुवार, ४ एप्रिल

टायवाल्याचा फोन आला होता. खोलीचं उद्घाटन आहे, मोठे साहेब येणार, फोटो काढणार, आजींनी बाळाला घेऊन यावं आणि फीत कापावी. मी म्हटलं, मसणात गेली तुमची फीत. पण सूनबाई म्हणाली, "जायचं. अकराला सांगितलंय ना? साडेअकराला माझी सुट्टी असते."

गेलो. खोलीच्या दारावर लाल फीत, दोन्हीकडे फुलांच्या कुंड्या, दाराला कडी नाही. आत एक खुर्ची, फ्रिज, आणि कोपऱ्यात अजून रजिस्टरांचा ढीग. मी टायवाल्याला म्हटलं, कडी? तो म्हणाला, होईल होईल. घड्याळबाई नवी साडी नेसून आली होती. लाइनवरच्या बायका झगे काढून भिंतीला टेकून उभ्या.

मोठे साहेब सव्वाअकराला आले नाहीत. साडेअकराला आले नाहीत. मुंगीने आधी मूठ चोखली, मग माझा पदर, मग सूर लावला. असला सूर, की फोटोवाल्याने कानाला हात लावला. सूनबाईच्या कुर्त्यावर ओला डाग दिसायला लागला. तिने तो झाकला नाही. अकरा चाळीसला साहेब फाटकातून आत आले. गाडीतून उतरून तिथेच कोणाशी तरी बोलत उभे राहिले.

सूनबाई माझ्याजवळ आली. मुंगीला घेतलं. मला वाटलं, फोटोसाठी. ती सरळ दाराकडे गेली, वाकली, फितीखालून आत शिरली आणि दार लावून घेतलं.

धुणाऱ्या बाईने कोणालाही न विचारता बाहेरचं एक स्टूल ओढलं, दाराला लावलं आणि दाराला पाठ टेकवून त्यावर बसली. आतला आकांत एकदम थांबला.

मोठे साहेब हात जोडत पोचले. टायवाल्याने तबकातली कात्री उचलली, दाराकडे बघितलं, स्टुलावरच्या बाईकडे बघितलं, पुन्हा ठेवली. घड्याळबाई म्हणाली, "तिची सुट्टी पावणेबाराला संपते." कोणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. लाइनवरच्या बायका भिंतीजवळून सरकत सरकत स्टुलाच्या दोन्ही बाजूंना येऊन उभ्या राहिल्या.

मोठ्या साहेबांनी हळूच मला विचारलं, "आजी, किती वेळ लागेल?"

मी म्हटलं, "ते आतल्या धाकट्या बाईंना विचारा. त्यांना अजून बोलता येत नाही, पण पोट भरलं की त्या स्वतःच सोडतात."

मग सगळे उभे राहिले. मोठे साहेब, टायवाला, फोटोवाला, कात्री, तबक. सव्वीस मिनिटं. मी घड्याळ लावून मोजली.